ईएलडी हवंच, पण गोदामाच्या गेटवर जळणाऱ्या तासांचं काय?

अमेरिकेत १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस) सक्तीचं झालं. आपल्याकडचा जीपीएस गाडी कुठे आहे ते मालकाला सांगतो. ईएलडी ९ पिनांच्या सॉकेटमधून इंजिनाला जोडलेलं असतं आणि चालकाने किती तास गाडी हाकली तेही नोंदवतं. माझ्या मते हे यंत्र हवंच. कागदी लॉगच्या (तासांच्या हाताने लिहिलेल्या नोंदीच्या) काळात दोन-दोन वह्या ठेवून डिस्पॅचरच्या (फेऱ्या लावून देणाऱ्याच्या) दबावाखाली तासांची मर्यादा सर्रास मोडली जायची. आता "तास संपले" हे चालक पुराव्यानिशी सांगू शकतो. यंत्राने आपोआप नोंदवलेला ड्रायव्हिंगचा वेळ नंतर कोणालाच कमी करता येत नाही.

खरा जाच १४ तासांच्या घड्याळाचा आहे. सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांची खिडकी उघडते आणि तिच्यात ११ तासच गाडी चालवता येते. पहाटे ५ ला निघालात, ७ ला गोदामावर पोहोचलात, माल भरून १२ ला सुटलात. खिडकी संध्याकाळी ७ ला बंद, म्हणजे ११ पैकी ९ तासच हाती लागले. पगार मैलावर असेल तर ते २ तास चालकाच्या खिशातून गेले. लहान कंपन्यांच्या बाबतीत अभ्यासकांना नेमकं हेच दिसलं: तासांचे नियम मोडणं घटलं, वेगमर्यादा तोडणं वाढलं, अपघात काही कमी झाले नाहीत. माणूस घड्याळाशी शर्यत लावतो.

यावर नियमातच एक वाट आहे, पण यंत्रच तिच्यात खोडा घालतं. किमान २ तासांची विश्रांती आणि स्लीपरमधले (केबिनमागच्या झोपायच्या जागेतले) किमान ७ तास, दोन्ही मिळून १० भरले, तर हे दोन्ही तुकडे १४ तासांत धरले जात नाहीत. पण गाडी ५ मिनिटं थांबली की यंत्र 'अजून चालवताय का?' विचारतं, आणि मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर 'ऑन ड्यूटी' (कामावर) लावून मोकळं होतं. म्हणून कामातून खरोखर सुटलेले असाल तर तिथल्या तिथे 'ऑफ ड्यूटी' किंवा 'स्लीपर' निवडा. मध्येच ट्रक डॉकला (माल चढवायच्या धक्क्याला) लावायला सांगितला तर गाडी हलवण्याआधी 'यार्ड मूव्ह' (आवारातली हालचाल) लावा. नाहीतर ताशी ५ मैलांच्या वर गेलात की 'ड्रायव्हिंग' नोंदलं जातं. आणि 'यार्ड मूव्ह' हीसुद्धा ड्यूटीच, त्यामुळे विश्रांतीचा तुकडा तिथेच तुटतो. गेटवर आधीच विचारून घ्या, किती वेळ गाडी हलवायला सांगणार नाही?

सॉकेट सैल होऊन नोंद बंद पडणं नेहमीचंच. ८ दिवस पुरतील इतके कोरे कागदी लॉग केबिनमध्ये असलेच पाहिजेत, आणि बिघाड २४ तासांत कंपनीला लेखी कळवायचा.

गोदामात गेलेल्या वेळेचं भाडं, म्हणजे डिटेन्शन, बहुतेक करारांत पहिले २ तास सोडून मिळतं. ७ ते १२ गाडी कुठे उभी होती ते ईएलडीत वेळेसकट आहे. तो लॉग बिलाला जोडा आणि उरलेल्या ३ तासांचे पैसे मागा. ते पैसे कंपनीच्या खात्यात न थांबता चालकापर्यंत पोहोचतील, हे कामावर रुजू होतानाच लिहून घ्या.