साडूभाऊंचा गुलाबी कुरव

आमच्या साडूभाऊंनी दिवाळीत झूमवाला कॅमेरा घेतला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की यात आपला रविवार जाणार. जानेवारीची थंडी, पहाटे साडेचारला फोन, पैठणच्या नाथसागर धरणावर रॉस गल आलाय, पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो पडलाय, निघा. मी म्हटलं अहो काय असतं ते तरी सांगा, तर म्हणे गाडीवर सांगतो.

आणि सांगितलं की राव, संभाजीनगर ते पैठण, पन्नास किलोमीटर, माझ्या कानात. रॉस गल म्हणजे एक कुरव, पाण्यावरचा पक्षी. हा म्हणे सैबेरियात कोलिमा नदीकडं अंडी घालतो, हिवाळ्यातसुद्धा उत्तरेचा बर्फ फारसा सोडत नाही, छातीवर गुलाबी झाक, शेपटी पाचरीसारखी. नाव जेम्स क्लार्क रॉस नावाच्या इंग्रज दर्यावर्दीचं, त्यानं 1823 साली कॅनडाच्या उत्तरेला गोळी घालून पाडला म्हणून. (मारणाऱ्याचंच नाव पक्ष्याला, हे मला काही पटलं नाही, पण हेल्मेटमधून वाद घालता येत नाही.) 1975 मध्ये एक भरकटून अमेरिकेत न्यूबरीपोर्टला उतरला तर हजारो लोक बघायला लोटले. 2017 च्या जानेवारीत एक थेट कॅलिफोर्नियात हाफ मून बेला पोचला, तर थोड्याच दिवसांत बहिरी ससाण्यांनी त्याचा नाश्ता केला. हे सांगताना साडूभाऊंचा गळा दाटला आणि ते ऐकायच्या नादात मी बिडकीनला भलत्याच रस्त्याला लागलो. पक्षी वाट चुकला तर हजारो लोक कौतुकाला, मी चुकलो तर ढोरकीनपर्यंत "तुमचं लक्षच नसतं".

काठावर चिखल असा की डाव्या पायातली चप्पल आत गेली ती गेलीच. बेशरमाच्या झुडपांत आम्ही दोघं उकिडवे. आणि खरंच, समोर पाण्यावर पांढरा पक्षी, डोळ्यामागं काळा ठिपका, हिवाळ्यात रॉस गलला पण असतो म्हणे तसाच. "गुलाबी! छाती बघा, गुलाबी!" साडूभाऊंचा हात थरथरायला लागला. अहो सूर्य उगवत होता, त्या टायमाला मीपण गुलाबी होतो, बेशरमाची फुलं तर मुळातच.

तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावरून एक मच्छीमार काका जाळं ओढत आले. "काय बघायलेत साहेब? ही व्हय? दरसाली येतेत की. उन्हाळा लागला की डोकी काळी करतेत अन् जातेत."

साडूभाऊंनी झूम केलं. चोच लाल, टोक तेवढं काळं, पाय लाल. रॉस गलची चोच बारकी नि काळी. म्हणजे आपला तपकिरी डोक्याचा कुरव. आता खरं सांगायचं तर तोही लडाख-तिबेटच्या पठारावरून येतो, काही गल्लीतून नाही येत, पण दरवर्षी न चुकता येतो ना, मग कोण विचारतंय. साडूभाऊंनी तर कॅमेऱ्याला टोपणच लावलं.

काकांनी नासके मासे पाण्यात फेकले तशी त्याच कुरवांची झुंबड उडाली, एकानं दुसऱ्याच्या तोंडातला ओढून नेला, काय गोंधळ, आणि तो सगळा मी एका चपलेवर उभा राहून मोबाईलमध्ये घेतला. फोटो हलले.

दुपारी घरी बायकोनं दारातच विचारलं, "दिसला का रॉस?" मी पिशवी पुढं केली. दीड किलोचा रोहू होता. साफ मलाच करावा लागला.