ऑक्सिजनमुळे बाळाचा मेंदू बिघडतो? त्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या आयांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन लावला की मेंदू मंद होतो. नळी काढायला लावा, घरी न्या, ओव्याची धुरी द्या, छाती मोकळी होईल." पेठ-सुरगाण्याहून बाळ घेऊन आलेलं एखादं घर हे वाचून उद्या डिस्चार्ज मागेल, म्हणून लिहितेय.

ऑक्सिजनने मेंदू मंद होतो, हे कारण-परिणाम उलटं धरणं झालं. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांना गरोदरपणाच्या हिशेबाने ३६ आठवडे भरल्यावरही ऑक्सिजन लागतो. फुफ्फुसांच्या त्या आजाराला बीपीडी (ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेझिया) म्हणतात. अशा बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूची वाढ सरासरीने कमी दिसते, हे खरं आहे. पण त्यामागे लवकर झालेला जन्म, शरीरातली सूज, न भरणारं वजन आणि वारंवार घसरणारं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, असतं. मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो याच आठवड्यांत. ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, म्हणून सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात. २०१० च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ८५ ते ८९ वर ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. नळी काढा म्हणणाऱ्याने हे वाचावंच.

"फुफ्फुस गेलं म्हणजे मेंदूही गेला," असंही त्यात पुढे आहे. साफ चूक. श्वास थांबू नये म्हणून देतात त्या कॅफीन औषधाच्या चाचणीत बीपीडी कमी झालाच, शिवाय दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) ७.३ ऐवजी ४.४ टक्के मुलांतच आढळली. (घरची कॉफी पाजू नका, हे डोस वजनावर ठरणारं औषध आहे.)

धुरीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती प्रेमाने दिली जाते. निफाडकडची थंडी, दार बंद, शेगडीत निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, आणि आजीच्या मांडीवर त्या धुरात धरलेलं बाळ. आधीच सुजलेल्या श्वासनलिका त्याने आणखी आवळतात. ऊब द्यायचीच तर आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा, कांगारू पद्धतीने.

घरी आल्यावर तपासण्या चुकवू नका. अडीच महिने आधी जन्मलेलं बाळ कधी बसेल हे जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजा. मान धरायला उशीर वाटला, एक हात सतत मुठीत राहिला, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे.