खुलासा : पोरीचं जेवण सुटलं म्हणजे आईचं चुकलं असं नाही

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा : ‘मुलगी बारीक व्हायच्या नादात जेवणं टाकत असेल तर दोष आईच्या लाडांचा. दोन दिवस ताट वाढू नका, आपोआप खाईल.’

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. दुसरी तर जिवावर बेतणारी.

ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं जेवण टाकत जाणं, हा मानसिक आजार आहे, हट्ट नव्हे. उपासमारीनं तो जास्तच घट्ट होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं, तर तेही चिडचिडे, उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. मग आजारी लेकराला उपाशी ठेवून काय साधणार? आणि फार खंगलेल्या मुलीला एकदम भरपेट खाऊ घालणंही धोक्याचं. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हावं.

आता आईबद्दल. रोज भाकरीच्या चतकोरावरून रडारड, बापाचा अबोला, धाकट्याकडे झालेलं दुर्लक्ष, वर पाहुण्यांचे टोमणे. एवढं सोसणाऱ्या बाईवर ठपका ठेवणं क्रूर आहे. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या उपचारात तर किशोरवयीन मुलांना पुन्हा जेवतं करायचं काम आईवडिलांवरच सोपवतात. दोष कुणाचा, हे तिथं शोधत बसत नाहीत.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. थकलेल्या आईबापांनीही तो स्वतःसाठी लावावा.