‘खारघरच्या इंजेक्शन’बद्दल फिरणारा संदेश

स्तनाचा चौथ्या स्टेजचा कर्करोग आता इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती वापरून कर्करोगाशी लढण्याच्या उपचाराच्या) इंजेक्शनने मुळासकट जातो, केमोची गरज उरलेली नाही, त्रासही काही होत नाही, हे इंजेक्शन आपल्या खारघरला तयार झाले आहे, मात्र चाचणीत नाव घालू नका कारण तिथे अर्ध्या बायकांना नुसते पाणी टोचतात, असा एक संदेश ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. आमच्या इमारतीतल्या एका मावशींनी तो वाचून पुढची केमो लांबवण्याची भाषा सुरू केली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

केमो सोडण्याचा सल्ला यांतला सर्वांत घातक आहे. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकटे देऊन केमोशी त्याची तुलना ‘कीनोट-११९’ या चाचणीत झाली होती; आधी उपचार झालेल्या ट्रिपल निगेटिव्ह (गाठीत ईआर व पीआर ही संप्रेरकांची ग्राहके आणि हर-टू हे प्रथिन, तिन्ही न सापडणाऱ्या प्रकारच्या) रुग्णांचे आयुष्य त्याने केमोपेक्षा वाढले नाही. म्हणून तर जोडउपचाराकडे वळावे लागले. ‘कीनोट-३५५’मध्ये ८४७ रुग्ण होते आणि त्यांतल्या प्रत्येकीला केमो मिळत होती, तीनपैकी दोघींना तिच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब आणि तिसरीला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले सलाईन. ‘नुसत्या पाण्या’ची गोष्ट बहुधा इथूनच निघाली असावी, फक्त पाण्यासोबतची केमो सांगणाऱ्याने गाळली.

‘मुळासकट जातो’ याचे उत्तर आकड्यांत आहे. गाठीच्या तुकड्यात पीडी-एल१ हे प्रथिन किती पेशींवर दिसते ते मोजून सीपीएस नावाचा अंक काढतात. तो १० किंवा त्याहून जास्त असलेल्या ३२३ रुग्णांमध्ये मध्यक आयुर्मान (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला काळ) १६.१ महिन्यांवरून २३ महिन्यांवर गेले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. घरच्यांसाठी सात महिने ही लहान गोष्ट नव्हे, पण तिला समूळ बरे होणे म्हणता येत नाही. अंक १० च्या खाली असलेल्यांमध्ये असा फायदा सिद्ध झाला नाही. शिवाय हे सारे ट्रिपल निगेटिव्ह प्रकारापुरते आहे. मावशींची फाईल मी उघडून पाहिली, तर बायोप्सीच्या पहिल्याच पानावर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असे लिहिलेले होते. म्हणजे ज्या आकड्यांवर संदेश उड्या मारतो, ते त्यांच्या आजाराचे नाहीतच.

जोडीदार औषध कोणते, यानेही निकाल फिरतो. अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे दुसरे औषध आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध, या जोडीला आशादायक निष्कर्षांवर २०१९ मध्ये अमेरिकेत तात्पुरती मान्यता मिळाली; पुढे साध्या पॅक्लिटॅक्सेलबरोबर केलेल्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि २०२१ मध्ये कंपनीने तिथली ही मान्यता स्वतःच मागे घेतली. केवळ अनुभवावर विसंबले असते, तर ही चूक कळायला किती वर्षे गेली असती कोण जाणे.

खारघरचा उल्लेख मात्र अगदीच हवेतला नाही. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे आणि त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून बदलून परत देतात. दोन्हींना इम्युनोथेरपी म्हणतात, एवढ्यावरून सांगणाऱ्याने त्यांची सरमिसळ केलेली दिसते.

पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधांनी त्रास होत नाही, हेही खरे नाही: चेतवलेली प्रतिकारशक्ती थायरॉईड, फुप्फुसे, यकृत किंवा आतड्यांवर उलटू शकते, आणि अशा रुग्णाचे जुलाब ‘बाहेरचे खाल्ले असेल’ म्हणून घरी दाबून ठेवणे महागात पडते.

राहिली चाचणीत नाव घालण्याची भीती. भारतातल्या औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे, आणि कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येते. चाचणी सुचवली गेली, तर संमतीपत्र मराठीत मागावे, सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या गटाला नेमके कोणते उपचार मिळणार आहेत, हे सही करण्याआधी विचारावे.