दगडाला ऑइलपेंट आणि संवर्धनाची पीपीटी

आज डोकं गरम आहे, पोस्ट लांबेल. वाचायची तर वाचा.

शेजारच्या गावातल्या हेमाडपंती देवळाला महाशिवरात्रीसाठी रंग मारलाय. चंदेरी ऑइलपेंट! खांबावरच्या कीर्तिमुखाचे डोळे लाल, ओठ गुलाबी. कमिटीवाले खूश: "मास्तर, देऊळ कसं चमकून रायलं ना!" वर्गणी त्यांची, श्रद्धा त्यांची, मान्य. पण दगडात मुरलेल्या ओलीला आता बाहेर पडायला वाटच नाही. क्षार आतल्या आत साचणार आणि काही पावसाळ्यांत नक्षीचे पापुद्रे निघणार. फटींत सिमेंट कोंबलंय ते वेगळंच.

आणि नेमकं आजच आमच्या ग्रुपवर चर्चा, विद्यापीठात वारसा संवर्धनाची संस्था हवी. हवीच ना बाप्पा! लखनौची वारसा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासूनची. आमच्या पोट्ट्यांनी तिकडे जायचं का? गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं. मार्कंड्याची देवळं त्याच जिल्ह्यात, भद्रावतीची विजासन लेणी शेजारच्या चंद्रपुरात. अजून काय पाहिजे?

पण ही संस्था कशी होईल तेही दिसतंय मला. काचेची इमारत, फीत, रिकामी पदं, आणि एसीत बसून मार्कंड्याची पीपीटी.

माझा आजा गवंडी होता. गावात चुन्याचा घाणा होता: गोल चर, दगडी चाक, जुंपलेला बैल. विरवलेला चुना आणि रेती तासन्‌तास मळायची, त्यात गूळ आणि बेलफळाच्या गराचं पाणी. आजा चिमूटभर चुना बोटांत चोळायचा, खर लागली की बैल पुन्हा हाकायचा. तेव्हा आम्ही पोरं कंटाळायचो. आता तो चुना कोणाला जमतो सांगा.

आजाला सही येत नव्हती. या संस्थेत त्याला शिपाई म्हणूनही घेतलं नसतं, दहावी पास लागते!

क्षार तपासायला प्रयोगशाळा लागते, मानलं. पण पहिल्या वर्षी पोरांना घाण्यावर उभं करा. आजाच्या हाताखाली शिकलेला एक म्हातारा अजून आहे, घरकुलांना टाइल्स बसवतो बिचारा. त्याला मानधन द्या, खुर्ची द्या, सर म्हणा. लाजेल तो, पण शिकवेल.

कुलगुरूंपर्यंत कोणाची पोच असेल तर खाली लिहा. आणि रंग काढायला ॲसिड सुचवणाऱ्यांनो, कृपा करून गप्प बसा. उरलीसुरली नक्षीही जाईल.