रागाची माफी मागतो, भीतीचं काय?

कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, जाताना आपल्या कॅथलिकांतल्या बहुतेकांच्या यादीत एक गोष्ट ठरलेली असते: "फादर, मला राग आला." नवऱ्यावर, सुनेवर, पोरांवर, शेजाऱ्यावर. "फादर, मी घाबरलो होतो" असं मात्र कुणी सांगत असेल असं वाटत नाही. लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीत आपल्याकडून सात प्रमुख पापं पाठ करून घेतली होती. गर्व, लोभ, कामवासना, क्रोध, खादाडपणा, मत्सर, आळस. यात क्रोध आहे, भीती नाही. त्यामुळे रागाची आपण दर वेळी माफी मागतो आणि भीतीकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच राग, पुन्हा त्याच माणसांवर.

आपल्या घरांतला आणि गावांतला बराचसा राग भीतीच्या पोटी जन्माला येतो, असं मला आता ठामपणे वाटतं. आणि असा राग ज्याची भीती वाटते त्याच्यावर कधीच निघत नाही.

दर गुड फ्रायडेला आपण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन, म्हणजे येशूच्या अटकेपासून मरणापर्यंतची हकिगत, ऐकतो. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा बागेत सैनिकांची तुकडी घेऊन येतो, मशाली, शस्त्रं, मुख्य याजकांचे शिपाई, सगळा लवाजमा. येशूचा शिष्य पेत्र तलवार उपसतो. आता बघा, वार कुणावर पडतो? शस्त्रधारी सैनिकावर नाही, यहूदावरही नाही. महायाजकाच्या दासावर. योहानाने त्याचं नावसुद्धा नोंदवून ठेवलंय, मल्ख. त्याचा उजवा कान तुटतो. त्या जमावात ज्याच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती असा तो माणूस, मालकाने सांगितलं म्हणून आलेला. आणि हाच पेत्र त्याच रात्री महायाजकाच्या वाड्यात शिरताना दार राखणाऱ्या एका मुलीला सांगतो, मी त्याचा शिष्य नाही. प्रवचनात आपण ऐकतो की आधी पेत्र शूर होता आणि नंतर कच खाल्ली. मला तसं वाटत नाही. तो दोन्ही वेळा घाबरलेलाच होता. आपल्या शुभवर्तमानात लूक सांगतो की येशूने त्या दासाच्या कानाला हात लावून तो बरा केला. स्वतःला अटक होत असताना त्याचं लक्ष त्या कानाकडे गेलं.

घाबरला तर येशूसुद्धा होता. मार्कने ते लपवलेलं नाही. अटकेच्या आधी त्याच बागेत, गेथशेमानेत, तो व्याकूळ होतो, जमिनीवर पडतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणतो. पण त्याआधी तो तिघा मित्रांना सरळ सांगतो, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे." जागे राहा, एवढंच त्याचं मागणं. ते झोपतात, तरी त्याची भीती त्यांच्यावर तलवार होऊन पडत नाही. तो त्यांना उठवतो, देह अशक्त आहे हे समजून घेतो आणि परत प्रार्थनेला जातो.

चर्चची शिकवण याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी उदार आहे. 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलंय की भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात, आपण त्यांचं काय करतो ते महत्त्वाचं. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनास तर आणखी पुढे जातात. जिथे राग यायला हवा तिथे तो न येणं हासुद्धा दोष आहे, असं ते मानतात. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशू सभास्थानात लोकांकडे रागाने बघतो. समोर हात वाळलेला माणूस उभा आहे आणि शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी त्याला बरं करावं की नाही, यावर ते तोंड उघडायला तयार नाहीत. त्या रागाला दुःखाची जोड आहे. तो वजनदार माणसांवर आहे, आणि त्याची किंमत येशू स्वतः मोजतो, कारण तिथून बाहेर पडताच त्याला संपवायची मसलत सुरू होते.

आमच्या घरातलं सांगतो. मी लहान असताना वसईत जमिनींच्या मागे लोक लागले होते. आमची केळीची वाडी होती. पांढरे कपडे घातलेली माणसं बांधावर उभी राहून बोटं दाखवत, पप्पा त्यांच्याशी अदबीने बोलत, आणि रात्री ताट समोर आलं की कालवणात मीठ कमी म्हणून मम्मीवर कडाडत. मम्मी मिठाची बरणी पुढे सरकवायची, आम्ही पोरं खाली मान घालून जेवायचो. एका रात्री आजीने घास हातात धरूनच विचारलं, "आज वाडीत कोण आलं होतं रे?" पप्पा बराच वेळ गप्प. मग एकेक करून सगळं बाहेर पडलं: कोण आलं, काय म्हणालं, सह्या कुणी कुणी केल्या. मिठाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच काळात धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून या दहशतीविरुद्ध उभे राहिले. 25 जुलै 2024 ला ते गेले तेव्हा त्यांच्या साहित्याबद्दल, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाबद्दल भरभरून लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. माझ्या लेखी त्यांचं मोठं काम हे की माणसं जी भीती घरात गिळून बसली होती, ती त्यांनी चव्हाट्यावर बोलायला लावली. राग त्यांनाही होता. पण तो ज्यांच्या दहशतीने गाव दबलं होतं त्यांच्याकडे रोखलेला होता, आणि त्याला द्वेषाची बाधा होऊ नये म्हणून ते जपत.

आज आपण पुन्हा घाबरलेलो आहोत. 2018 च्या जुलैत वसईत पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की पोटात गोळा येतो. वाड्या राहतील का, परदेशी गेलेली पोरं परततील का, कुठे प्रार्थनासभेवर हल्ला झाल्याची बातमी आली की पुढचा नंबर आपला का? ही भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये. पण आपल्या ग्रुपवर राग कुणावर निघतो ते वाचा. चाळीतल्या भाडेकरूवर, नाक्यावरच्या भाजीवाल्यावर, बिहारहून आलेल्या गवंड्यावर. ज्यांच्या सहीने ओढे बुजवले गेले त्यांना आपण सणाच्या स्टेजवर शाल घालतो. हा मल्खाचाच कान आहे, आणि तो आपण प्रार्थना म्हणत कापतोय. मला याचा मनापासून त्रास होतो.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात चर्चमध्ये आत्मपरीक्षणाचा कागद वाटतात. त्यात "मी कुणावर रागावलो का?" हा प्रश्न असतोच. आपल्या फादरांना आणि धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरांना माझी विनंती आहे, त्याखाली आणखी दोन ओळी छापा: "तेव्हा मला कशाची भीती वाटत होती? आणि ती मी कुणाला सांगितली?" छपाईचा खर्च लागला तर मी देईन.