मधलं माप

परवा रविवारी सकाळी माझं डोकं कॉलनीच्या बागेतल्या दोरीच्या जाळीत अडकलं. पंचवीस मिनिटं. कान अजून लाल आहेत.

मुलांना चढायला जाळी आणायची ठरली आणि बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी अभ्यास वगैरे केला. अशा जाळ्यांची कल्पना कोनराड रोलान्ड या वास्तुविशारदाने १९७० च्या दशकात बर्लिनमध्ये रुजवली, हे सांगितलं तर खजिनदार ओरडले, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" टाळ्या पडल्या. माझं ऐकून घेतलं ते तेवढंच.

मागण्या दोनच होत्या. दोरी १६ मिलिमीटरची, आत पोलादी तारा असलेली. साधी प्लॅस्टिकची दोरी आमच्या उन्हात कुरकुरीत होते आणि कुणीही ब्लेडने कापून नेतो. ही मंजूर झाली. दुसरी, जाळीचं भोक एकतर ९ सेंटिमीटरपेक्षा लहान हवं, नाहीतर २३ पेक्षा मोठं. मधल्या मापात पोराचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. ठेकेदार म्हणाला, "सर, अठरा धरू. मधलं माप." जणू शर्ट शिवतोय!

तर रविवारी मी टेप घेऊन सचिवांना हेच समजावत होतो. ते म्हणाले, "अडकतं म्हणजे कसं? दाखवा की."

दाखवलं. डोकं जरा कलतं करून घातलं तर गेलं. परत येताना कान आडवे आले.

तेवढ्यात बाकावरचे आजोबा उठून आले. मूळचे जिंतूरकडचे, हल्ली मुलाकडे असतात आणि दिवसभर बागेत बसतात.

"काय सर, काय करायलाव?"

"अडकलोय."

"हं." ते समोर उकिडवे बसले. माझ्याकडे नाही, दोरीकडे बघत होते. चिमटीत धरून पीळ उलटा फिरवला, वास घेतला. "सुंभ नाही. अंबाडी बी नाही. केवढ्याला पडली?"

मी मीटरचा भाव सांगितला. मान वळत नसताना भाव सांगून बघा कधी.

"आरं बापरे! एवढ्यात दोन बैलांचे कासरे, म्होरक्या, येसन, पोळ्याचं समदं सामान येतंय की."

"आजोबा, आधी मला काढा."

"काढू की. बैल बी असाच गुततो दाव्यात. त्याला वढायचं नसतं. वढलं की उलटा रेटतो. तुमी बी रेटायलाव."

रेटत होतोच. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "हो… हो… हो." घरी सांगितलेलं नाही, पण मी खरंच शांत झालो.

कुणीतरी विळा आणला. माझ्या कानाशेजारी तो पोलादावर करकरला आणि थांबला. "आत तार हाय," आजोबा आदराने म्हणाले. "माल चोख घेतलाव सर." या सगळ्या प्रकरणात माझ्या निवडीचं एवढंच कौतुक झालं, आणि तेही तेव्हा.

मग तेल. सोयाबीनचं आलं, तर आजोबांनी परत पाठवलं. करडीचंच पाहिजे! मग करडी आता पेरतंय कोण, जिकडं तिकडं सोयाबीन, यावर पाच मिनिटं चर्चा. माझं डोकं हजर होतं, मत कुणी विचारलं नाही. शेवटी एका वहिनींनी घाण्याचं तेल वाटीभर आणलं आणि जपून वापरा म्हणाल्या. डोकं निघालं. पोरांनी टाळ्या पिटल्या. "काका, अजून एकदा!"

या सगळ्यात जाळीखाली काय आहे ते कुणी बघितलं नाही. पेव्हर ब्लॉक आहेत. मी फूटभर वाळू मागितली होती. वाळूत मांजरं घाण करतात आणि वाळू मिळत नाही, असं उत्तर आलं. गोदावरीतली वाळू रात्रभर टिप्पर भरभरून जाते, पोरांच्या डोक्याखाली घालायला तेवढी फूटभर मिळत नाही. जाळी दोन मीटर उंच आहे. तिथून पोरगं ब्लॉकवर पडलं तर काय होतं, हेही मी सचिवांना सांगितलं होतं. ते कसं, दाखवा, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

काल ठेकेदाराचा फोन आला. जाळी बदलून देतो म्हणाला, वाळूचं काही बोलला नाही. "फक्त एक सांगा सर, तुमच्या डोक्याचं माप किती?"

टेप अजून तेलकट होता. मोजून सांगितलं.